घर पाहावं मालिकेत, लग्न पाहावं सिनेमात

डिसेंबरची शाळेची सुट्टी लागली, की पासिर रिसमधली आम्ही चार-पाच मराठी घरं एखाद्या शनिवारी संध्याकाळी कुणाकडे तरी जमतो. भारतातून आलेले आजी-आजोबा असतात, इथेच जन्मलेली मुलं असतात, आणि मधली आपली पिढी चहा-पोह्यांच्या गडबडीत असते. तिन्ही पिढ्यांनी एकत्र बसून हसावं, एवढीच माफक अपेक्षा. पण ती वाटते तितकी सोपी नाही बरं का! आजोबांना ‘चिमणराव’ हवा असतो, आई-बाबांना ‘खिचडी’ नाहीतर ‘ऑफिस ऑफिस’, आणि मुलांना मिस्टर बीन किंवा इथला फुआ चू कांग. गंमत म्हणजे या पाचही मालिकांवरून चित्रपट निघालेले आहेत. त्यामुळे दरवेळी कुणीतरी म्हणतंच, “अहो, मालिकेचे तुकडे कशाला? सरळ सिनेमा लावा, दोन तास काळजी नको.”

हा सल्ला सोयीचा आहे, पण बहुतेक वेळा फसतो. आजोबा अर्ध्या तासात पेंगतात, मुलं फोन काढतात, आणि ज्या माणसांवर आपण इतकं प्रेम केलं तीच माणसं पडद्यावर असूनही आपण घड्याळ बघायला लागतो. असं का होतं? आणि कधी होत नाही? थोडं खोलात जाऊन बघू या.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. मला वाटतं विनोदी मालिका म्हणजे घर आणि सिनेमा म्हणजे लग्न. घरात रोज तेच ते चालतं. तोच सोफा, तीच भांडणं, तोच शेजारी नको त्या वेळी टपकणार. आठवड्याने भेटलो तरी माणसं जिथे सोडली होती तिथेच सापडली पाहिजेत. ती शहाणी झाली तर मालिका संपली! लग्नाचं तसं नसतं. तिथे काहीतरी घडावं लागतं, पाहुणे जमावे लागतात, खर्च दिसावा लागतो, आणि मांडव उतरल्यावर काहीतरी कायमचं बदललेलं असावं लागतं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला “आज काही विशेष घडलं नाही” असं सांगून परत पाठवता येत नाही. आता ज्या माणसांनी बदलायचंच नाही, त्यांना घेऊन असा समारंभ कसा करायचा, हा मालिकेवरून सिनेमा काढणाऱ्या प्रत्येकापुढचा पेच आहे.

यावर सगळ्यात सोपा तोडगा म्हणजे सर्वांना प्रवासाला पाठवणं. ब्रिटिशांनी हा तोडगा इतका वापरला की ती एक चालच पडून गेली. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही कपड्यांच्या दुकानातली मालिका १९७७ मध्ये सिनेमात गेली, तेव्हा दुकानाची डागडुजी काढून सगळ्या कर्मचाऱ्यांना स्पेनमधल्या एका काल्पनिक किनाऱ्यावर सुट्टीला धाडलं. आता त्या मालिकेची सगळी मजा दुकानाच्या काउंटरमागच्या मानपानात होती. कोण कुणाला नावाने हाक मारणार, कोण आधी जेवायला जाणार, वगैरे. समुद्रकिनाऱ्यावर काउंटरच नाही, मग मानपान कुठला?

आपल्या सिंगापुरातही हेच झालं. ‘फुआ चू कांग प्रायव्हेट लिमिटेड’ ही मालिका चॅनेल ५ वर १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं चालली. जे नंतर इथे आले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फुआ चू कांग हा घरांच्या नूतनीकरणाची कामं घेणारा कंत्राटदार. कुरळे केस, गालावर तीळ, पायात पिवळे गमबूट. भूमिका करणारे गुरमीत सिंग, म्हणजे नाव सरदारजींचं आणि पात्र चिनी, अगदी सिंगापुरी थाट! घरात बायको रोझी, शिकलेला आर्किटेक्ट धाकटा भाऊ आणि त्याची नाकावर माशी न बसू देणारी बायको मार्गारेट. चू कांग अस्सल सिंग्लिश बोलणार आणि मार्गारेट साहेबी इंग्रजी. दोन जावा, दोन भाषा, एक छप्पर. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातून आलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

ही भाषा किती जिव्हारी लागली होती बघा. १९९९ च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी खुद्द फुआ चू कांगचा विषय काढला. मुलं त्याचं सिंग्लिश उचलतात, तेव्हा त्याला इंग्रजीच्या शिकवणीला पाठवा, असं त्यांनी सुचवलं, आणि वाहिनीने ते मान्यही केलं. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, चांगलं इंग्रजी बोलण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. एका विनोदी पात्राला देशाच्या पंतप्रधानांनी शाळेत घालावं, असा मान दुसऱ्या कुठल्या कंत्राटदाराला मिळाला असेल? आणि मालिका तरी काय करणार, शिकवणीला जाऊनही चू कांग होता तसाच राहिला. तसाच राहणार, कारण तो सुधारला असता तर दुसऱ्या आठवड्यात बघायला काय उरलं असतं?

मग २०१० मध्ये त्याचा सिनेमा आला. चू कांगला काम मिळतं ते मलेशियात, आणि गोष्ट कॉजवे ओलांडून तिकडे जाते. वरवर पाहता यात काय वाईट आहे? मालिकेत त्याची एक ठरलेली बढाई होती, की सिंगापुरात, जोहोर बारूत आणि काहींच्या मते बाताममध्येसुद्धा आपणच सर्वोत्तम. पण ती बढाई हसवायची ती घरात बसून मारलेली असायची म्हणून! समोर मार्गारेट डोळे फिरवत उभी असायची. पलीकडे जाऊन खरोखर पराक्रम गाजवायचा म्हटल्यावर तिची नुसती गोष्ट झाली, आणि गोष्टीला मग खलनायक लागतो, संकट लागतं, शेवटी सगळं गोड व्हावं लागतं. गुरमीत सिंग तेच, रोझीच्या भूमिकेत आयरीन अँग त्याच, गमबूट तेच. तरी मालिकेतलं घर नसल्यामुळे मला तरी ते पाहुण्यांसारखे वाटले. (हे आपलं माझं मत. आमच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना सिनेमा फार आवडला होता, आणि त्या चू कांगच्या बाबतीत माझ्यापेक्षा अधिकारी आहेत.)

आता मिस्टर बीन. तो प्रवासाला निघूनही फसला नाही, आणि त्यातून थोडं शिकण्यासारखं आहे. मालिकेचे भाग फक्त १५, १९९० ते १९९५ या काळातले. १९९७ च्या ‘बीन’ चित्रपटात तो थेट लॉस एंजेलिसला पोहोचतो. बीन काडीचाही बदलत नाही. पण लेखकांनी एक युक्ती केली. ज्या अमेरिकन गृहस्थाच्या घरी तो उतरतो, त्याचा संसार, त्याची नोकरी, त्याची मुलं हे सगळं त्यांनी ढवळून काढलं. म्हणजे लग्न लागलं ते दुसऱ्याचं, बीन आपला जेवून घरी! सिनेमाला लागणारा बदल झाला आणि आपला माणूसही शाबूत राहिला. २००७ च्या ‘मिस्टर बीन्स हॉलिडे’मध्ये तर त्याला फ्रान्समध्ये नेऊन सोडला, जिथे भाषाच येत नसल्यामुळे तो पुन्हा जवळजवळ मुका झाला. मालिकेतला बीन मुकाच होता, त्यामुळे परदेशात जाऊन तो उलट स्वतःच्या घरी आला असं म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे आजी आणि पाच वर्षांची नात एकाच जागी हसतात असा हा एकमेव सिनेमा आहे.

‘खिचडी’बद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे एकाच कुटुंबाचे दोन सिनेमे निघाले आणि दोघांत बराच फरक आहे. मालिका स्टार प्लसवर २००२ मध्ये सुरू झाली. लेखक आतिश कपाडिया. पारेख कुटुंबाला जुनं घर विकून वेगळं व्हायचंय आणि बाबूजी त्याला तयार नाहीत, एवढीच मूळ गोष्ट. म्हणजे घरातून बाहेर पडता येत नाही हाच मालिकेचा पाया! हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणार, प्रफुल्ल तो शब्द तोडून-मोडून भलताच हिंदी अर्थ पूर्ण आत्मविश्वासाने सांगणार, आणि तिला तो पटणार. इथल्या मुलांना हा प्रकार फार आवडतो, याचं कारण मला उशिरा लक्षात आलं. विनोद कळायला दोन्ही भाषा लागतात. इंग्रजीची अर्धी बाजू मुलांकडे असते, हिंदीची आजीकडे, आणि एकमेकांना समजावून सांगताना दुसऱ्यांदा हसू येतं.

२०१० च्या ‘खिचडी: द मूव्ही’मध्ये कपाडियांनी पेच बरोबर ओळखला. सिनेमाला लग्न लागतं ना? मग त्यांनी लग्नच घेतलं. हंसाचा भाऊ हिमांशू प्रेमात पडतो, पण त्याला साधंसुधं प्रेम नको, लैला-मजनूसारखं अजरामर हवं. मुलगी कुठली, तर शेजारच्याच पंजाबी घरातली, जिथे प्रत्येकाचं नाव परमिंदर! म्हणजे सिनेमाला हवा तसा घाट मिळाला आणि पारेख मंडळी घराच्या भिंतीपासून फार लांब गेली नाहीत. शिवाय सिनेमातल्या प्रेमकथांचीच ती टिंगल, त्यामुळे मोठा पडदाही कारणी लागला. जयश्रीच्या भूमिकेत वंदना पाठक यांच्याऐवजी निमिषा वखारिया होत्या आणि ते थोडं खटकतं, पण सुप्रिया पाठक, राजीव मेहता आणि अनंग देसाई आपल्या जागी आहेत. उत्तरार्ध लांबलाय, हे कबूल. तरी चार-चार परमिंदर एकत्र आले की आमच्याकडे अजून हशा पिकतो.

२०२३ च्या ‘खिचडी २: मिशन पांथुकिस्तान’ने मात्र ब्रिटिशांची जुनी वाट धरली. प्रफुल्लचा चेहरा एका काल्पनिक देशाच्या राजाशी जुळतो, म्हणून सगळं कुटुंब हेरगिरीवर! वंदना पाठक परत आल्या, शब्दांच्या कोट्या आहेत, वाळवंट आहे, यंत्रमानव आहे. एकेक तुकडा सुटा बघितला तर हसू येतं. पण पारेख कुटुंब मूर्ख आहे हे आपल्याला कळतं कशावरून? एरवी शहाण्या असलेल्या जगाशी ते टक्कर घेतात त्यावरून. सगळा देशच वेडा दाखवला, की त्यांचा वेडेपणा त्यात विरघळून जातो. बाबूजींच्या कपाळावरची आठी जुन्या दिवाणखान्यात जेवढी हसवते, तेवढी वाळवंटात हसवत नाही.

‘ऑफिस ऑफिस’चं प्रकरण याहून निराळं. २००१ मध्ये सब टीव्हीवर आलेल्या या मालिकेला घर नव्हतंच. मुसद्दीलाल (पंकज कपूर) दर भागात वेगळ्या कचेरीत जातो, आणि प्रत्येक कचेरीत तीच पाच माणसं बसलेली असतात! समोसे खाणारे भाटिया, पान चघळणारे शुक्ला, आणि आपल्या आसावरी जोशींनी केलेल्या उषाजी. वीज, टपाल, रेशन, खातं कुठलंही असो, चेहरे तेच. माझ्या मते ही कल्पनाच मालिकेचं खरं सामर्थ्य होती. एका भागात ती नुसती गंमत वाटते, दहाव्या भागानंतर मात्र अंगावर येते. २०११ च्या ‘चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस’मध्ये हा परिणाम साधणं कठीण होतं, कारण सिनेमात दहा आठवडे नसतात. म्हणून त्यांनी एकच दुखणं शेवटपर्यंत ताणलं. निवृत्त शिक्षक मुसद्दीलाल बायकोच्या अस्थी घेऊन तीर्थयात्रेला जातो, आणि परत येतो तर पेन्शनच्या कचेरीत तो मेलेला! आता जिवंत असल्याचा पुरावा आणा.

सिनेमा म्हणून तो संथ आहे, आणि मालिकेचा झपाटा त्यात नाही. तरीही आमच्याकडे तो लावला तेव्हा आजोबा मंडळी एकदम सरसावून बसली. कारण उघड आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि नोव्हेंबरात त्यांच्यापैकी निम्मे सिंगापुरात नातवंडांकडे असतात. कुणी भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन दाखला घेतं, कुणी मुलाच्या संगणकावर बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून हैराण असतं. एका आजोबांनी तर सिनेमा मध्येच थांबवायला लावून आपली सगळी हकीकत सांगितली, आणि ती सिनेमापेक्षा रंगली. मग मुलांनी विचारलं, “आजोबा, तुम्ही समोर उभे असताना ते लोक कागद का मागतात?” याला उत्तर देता देता त्या संध्याकाळी आणखी एकदा चहा झाला.

आता राहिला आपला चिमणराव. हिंदीत मालिकेवरून निघालेला पहिला चित्रपट म्हणून ‘खिचडी’चं नाव बऱ्याचदा घेतलं जातं. मराठीत ते १९७९ मध्येच होऊन गेलं होतं, ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या चित्रपटाने. पण चिमणरावाचा प्रवासच मुळात उलटा. चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे पंडित. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ चं आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ चं. चिमणराव आधी पुस्तकात आला, मग सिनेमात, आणि टीव्हीवर सगळ्यात शेवटी. मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावं करून’ काढला (बघा, म्हणीतलं लग्न इथेही आलंच!) आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’. तिरळ्या नजरेचे दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. ती जोडी त्या काळी घराघरांत माहीत होती.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीत एका घरी टीव्ही, आणि दारापर्यंत माणसं. ज्यांनी तो पाहिला त्यांना आज दामुअण्णा आठवत नाहीत, एवढा तो चेहरा पक्का बसला. कारण सरळ आहे. चिं. विं.च्या मूळ गोष्टी सुट्या सुट्या, प्रत्येकीत एक फजिती आणि शेवटी चिमणराव पुन्हा जागच्या जागी. पुस्तकातला तो घाट टीव्हीवर न मोडता उतरला. सिनेमावाल्यांना १९४० मध्येही त्याला एका लांब सुतात ओवावं लागलं आणि १९७९ मध्येही. टीव्हीने मात्र गोष्टीला गोष्टच राहू दिलं.

आणि नेमकी हीच आवृत्ती आज हाताशी नाही. त्या काळी चित्रफिती महाग असत, एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा मुद्रित होई. ‘चिमणराव’चे अगदी मोजके भाग उरले. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’चे तीन भागही असेच गेले ते अजून सापडलेले नाहीत, पण ऐंशी भागांतले तीन जाणं वेगळं आणि मूठभर सोडून सगळे जाणं वेगळं. बाळ कर्वे २०२५ मध्ये गेले. आमच्याकडे येणारे एक आजोबा नातवाला गुंड्याभाऊ दाखवायचा म्हणून दोन संध्याकाळ इंटरनेटवर शोधत होते. मिळाले ते तुकडे त्याला दाखवले, पण त्यांना जो भाग हवा होता तो काही सापडला नाही. शेवटी त्यांनी तो करूनच दाखवला, गुंड्याभाऊचा आवाज काढून. मधूनच डोक्यावरून विमान गेलं (पासिर रिसला हे चालायचंच!), तर तेवढा वेळ थांबून पुढचं वाक्य म्हणाले.

प्रभावळकरांच्याच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’वर, म्हणजे २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेल्या मालिकेवर, कुणी सिनेमा काढला नाही याचं काही जणांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. आबा टिपरे घरातल्या घरात ठीक आहेत. त्यांना स्वित्झर्लंडला नेऊन काय करायचं?

तर यंदा सुट्टीत काही लावायचं असेल, तर लहान मुलं असताना ‘मिस्टर बीन्स हॉलिडे’, आजी-आजोबा जास्त असतील तर मुसद्दीलाल, आणि सगळेच असतील तर ‘खिचडी’चे मालिकेतले तीन भाग आधी आणि २०१० चा सिनेमा नंतर, असा क्रम ठेवून बघा. आधी घर पाहिलेलं असलं, की लग्नात कोण कुणाचं हे विचारावं लागत नाही. चिमणरावासाठी मात्र पुस्तकच काढावं लागेल. चिं. विं.ची एक गोष्ट मोठ्याने वाचायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, जवळजवळ मालिकेच्या एका भागाएवढीच, आणि गुंड्याभाऊचा आवाज घरातल्या ज्येष्ठांना अजून येतो.